२०.१५ आणि २०.२८ : निऑनचे दोन आयसोटोप डिफ्यूजनने वेगळे करायचा पहिला प्रयत्न

पार्श्वभूमी

हे प्रकरण केंब्रिजच्या कॅव्हेंडिश लॅबमधलं, साल १९१२-१३. जे. जे. थॉमसन तेव्हा पॉझिटिव्ह रेजवर काम करत होता. काचेच्या बल्बमध्ये अगदी कमी दाबाचा गॅस ठेवायचा, त्यातून वीज सोडायची, तयार झालेले धनभारित कण कॅथोडच्या बारीक भोकातून पलीकडे न्यायचे, तिथे त्यांना विद्युतक्षेत्र आणि चुंबक दोन्हीने एकाच वेळी वळवायचं आणि फोटोग्राफिक प्लेटवर पाडायचं. प्रत्येक वस्तुमानाचा कण प्लेटवर आपापली वक्ररेषा, म्हणजे पॅराबोला, काढतो. हवेतले हलके वायू या यंत्रात घातल्यावर निऑनची २० च्या जागी ठळक रेघ आली आणि तिच्या शेजारी २२ च्या जागी एक फिकी रेघ आली. त्या २२ वर त्या वेळी ओळखीचं असं काहीच नव्हतं.

थॉमसनच्या हाताखाली फ्रान्सिस ॲस्टन नावाचा माणूस होता. मूळचा बर्मिंगहॅमकडचा, मधली काही वर्षं बिअरच्या कारखान्यात केमिस्ट म्हणून नोकरी केलेला, काचकामात आणि पंप-नळ्यांच्या जुळवाजुळवीत एकदम तयार हात असलेला. १९१० मध्ये तो केंब्रिजला आला. २२ चा माग काढायचं काम त्याच्याकडे गेलं.

निऑनचा अणुभार तोवर नीट मोजलेला होता. १९१० मध्ये लंडनला एच. ई. वॉटसनने तो २०.२०० काढला होता. (हा वॉटसन पुढे बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये आला आणि बरीच वर्षं तिथे रसायनशास्त्र शिकवत होता. त्या संस्थेचा पहिला डायरेक्टर मॉरिस ट्रॅव्हर्स, ज्याने १८९८ मध्ये रॅमसेबरोबर निऑन शोधला. म्हणजे जमशेटजी टाटांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या संस्थेत निऑन शोधणारा आणि निऑन अचूक मोजणारा असे दोघंही होते, हे आपल्याकडे फार कमी जणांना ठाऊक असतं म्हणून मुद्दाम सांगतोय.) वॉटसनचा हा २०.२०० आकडा या प्रकरणात फार महत्त्वाचा आहे, कारण सगळा वाद त्या शेवटच्या ०.२ चा आहे.

अडचण नेमकी काय होती

२२ च्या रेघेचे तीन अर्थ लागत होते. पहिला, कार्बन डायऑक्साईड. त्याचं वस्तुमान ४४, पण कणावर दोन विद्युतभार असले तर तो प्लेटवर ४४ चा अर्धा म्हणजे बरोब्बर २२ वर पडतो. दुसरा, निऑन आणि हायड्रोजनचं काहीतरी संयुग, एका निऑनला दोन हायड्रोजन, २० अधिक २. तिसरा, निऑन हाच दोन वेगवेगळ्या वजनांच्या अणूंचा मिसळलेला गॅस आहे, आणि रसायनशास्त्राला ते दोन्ही एकसारखेच दिसतात.

पहिला अर्थ लवकर निकालात निघाला. गॅस द्रवरूप हवेने थंड केलेल्या नळीतून नेला की कार्बन डायऑक्साईड तिथेच गोठून राहतो. तसं करून पाहिलं, २२ ची रेघ जागची हलली नाही. दुसऱ्या अर्थाकडे थॉमसनचा कल होता आणि तो सहजासहजी सोडायला तयार नव्हता. हा हट्ट होता असं मला वाटत नाही, कारण तिसरा अर्थ मानायचा तर डाल्टनपासून चालत आलेलं 'एका मूलद्रव्याचे सगळे अणू सारखे' हे गृहीतक सोडावं लागणार होतं, तेही एका फिक्या रेघेच्या जोरावर. फ्रेडरिक सॉडीने १९१३ मध्येच आयसोटोप (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनांचे अणू) हा शब्द वापरात आणला होता, पण तो किरणोत्सारी मूलद्रव्यांपुरता. साध्या, स्थिर, कशाशीही संयोग न करणाऱ्या वायूलाही आयसोटोप असतील हे पचायला जड होतं.

आणि रेघेवरून खात्री करता येत नव्हती. थॉमसनच्या यंत्रात वस्तुमान साधारण टक्क्याभराच्या अचूकतेने कळायचं. निऑनची ठळक रेघ २० वर आहे की २०.२ वर, हा फरकच मुळात एक टक्का. ती नक्की २० वर आहे असं ठणकावून सांगता आलं असतं तर वॉटसनचा २०.२ हा फक्त सरासरीचा आकडा आहे हे तिथल्या तिथे सिद्ध झालं असतं. पण यंत्र तेवढं बारीक नव्हतं.

समोरचे पर्याय

ॲस्टनने ठरवलं की वाद घालत बसण्यापेक्षा दोन्ही निऑन वेगळेच करून दाखवू. थोडेफार वेगळे झाले तरी चालेल, एका भागाची घनता वाढली आणि दुसऱ्याची कमी झाली की झालं. आता वेगळे करायचे कसे?

रसायनाने शक्य नव्हतं, निऑन कशाशीच संयोग करत नाही. मग राहिले दोन रस्ते. एक, थंडीचा : कोळशाला द्रवरूप हवेने थंड करायचं, त्यावर निऑन शोषू द्यायचा आणि हळूहळू सोडवून भाग पाडायचे, म्हणजे जड भाग मागे राहील अशी आशा. दोन, डिफ्यूजनचा : सच्छिद्र मातीच्या नळीतून गॅस झिरपू द्यायचा.

थंडीचा रस्ता आधी घेतला गेला, कारण सामान हाताशी होतं आणि गॅस वाया जात नव्हता. परत परत भाग पाडले, परत परत घनता मोजली, फरक शून्य. आज कारण स्पष्ट दिसतं. निऑन उकळतो २७ केल्विनला आणि द्रवरूप हवा असते ८० च्या आसपास. इतक्या वरच्या तापमानाला दोन आयसोटोपांच्या वागण्यात पकडता येईल असा फरकच उरत नाही. पद्धत चूक नव्हती, तापमान चूक होतं. पुढे १९३१ मध्ये हॉलंडमधल्या लायडनला कीसमने द्रवरूप निऑनच्या ऊर्ध्वपातनाने हेच आयसोटोप अंशतः वेगळे केले. पण १९१३ मध्ये केंब्रिजला तेवढी थंडी सातत्याने मिळवणं आवाक्यातलं नव्हतं, तेव्हा तो रस्ता सोडला हे बरोबरच झालं.

डिफ्यूजन का निवडलं आणि त्यात गोम काय

डिफ्यूजनची युक्ती जुनी. थॉमस ग्रॅहमने १८३० च्या आसपास नियम मांडला की गॅस बारीक छिद्रांतून जाण्याचा वेग त्याच्या घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. रॅले आणि रॅमसेने आर्गॉनच्या शोधाच्या वेळी हवा चक्क तंबाखूच्या मातीच्या पाइपांतून झिरपवून हलका-जड भाग वेगळा करून पाहिला होता. ॲस्टननेही तीच पाइपची पांढरी माती वापरली.

यात एक गैरसमज नेहमी होतो, मी शिकवतानाही पाहिलाय. मुलांना वाटतं माती चाळणीसारखी काम करते, लहान अणू पलीकडे, मोठे अणू अलीकडे. तसं अजिबात नाही. निऑन-२० आणि निऑन-२२ आकाराने सारखेच आहेत, चाळणीला दोघंही एकच. फरक वेगाचा आहे. एकाच तापमानाला दोघांची सरासरी गतिज ऊर्जा सारखी, म्हणून हलका थोडा जास्त पळतो. खोलीच्या तापमानाला निऑनचा अणू सेकंदाला साधारण साडेपाचशे मीटर पळतो आणि २२/२० चं वर्गमूळ येतं १.०४९, म्हणजे हलका अणू जडापेक्षा पाच टक्क्यांपेक्षा किंचित कमी इतकाच पुढे. जास्त पळतो म्हणून भिंतीवर जास्त वेळा आपटतो, म्हणून छिद्र त्याला जास्त वेळा सापडतं, बस एवढंच. आणि त्यासाठी छिद्र इतकं अरुंद हवं की अणू एकमेकांवर न आपटता फक्त छिद्राच्या भिंतींवर आपटत जातील. छिद्र मोठं असेल तर सगळा गॅस वाऱ्यासारखा एकत्र वाहतो आणि काहीही वेगळं होत नाही.

आता गोम. पाच टक्के हा पलीकडे गेलेल्या अगदी पहिल्या थेंबाचा फायदा. मागे राहिलेल्या गॅसमध्ये जड भाग किती वाढतो याचं गणित रॅलेने १८९६ मध्येच करून ठेवलं होतं, आणि निऑनसाठी ते असं येतं : सुरुवातीचं आकारमान भागिले उरलेलं आकारमान, त्याचं एकविसावं मूळ. हो, एकविसावं. १०० घनसेंमी निऑन घेतला आणि झिरपत झिरपत फक्त ०.०१ घनसेंमी उरेपर्यंत थांबलात, म्हणजे दहा हजारातले ९९९९ भाग जाऊ दिले, तर जडाचं हलक्याशी प्रमाण वाढतं किती, तर १.५५ पट.

हा आकडा बघितल्यावर बहुतेक लोक पद्धत सोडून देतील. ॲस्टनने सोडली नाही, आणि इथे त्याचा पहिला खरा निर्णय आहे. एकदाच झिरपवायचं आणि बाकीचं फेकायचं असं न करता त्याने भाग पाडत जायचं ठरवलं. गॅसचे भाग करा, प्रत्येक भाग झिरपवा, पलीकडे गेलेला भाग शेजारच्या हलक्या भागात मिसळा, मागे राहिलेला शेजारच्या जड भागात, आणि हेच करत राहा. मॅडम क्युरीने रेडियमसाठी क्षारांचे स्फटिक पाडत पाडत जे केलं त्याच जातीचं काम, फक्त इथे सगळं काचेच्या नळ्यांत, पाऱ्याच्या पंपाने ढकलत आणि एक थेंबही बाहेरची हवा आत येऊ न देता. गॅस फेकला जात नाही, फक्त वेळ जातो. आणि वेळ जातोच.

दुसरा निर्णय : मोजायचं कशाने

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय हा आहे, आणि याच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं.

गॅसची घनता मोजायची नेहमीची पद्धत म्हणजे काचेचा मोठा फुगा भरायचा आणि तोलायचा. त्याला गॅस भरपूर लागतो. टोकाच्या भागात ॲस्टनकडे उरणारा गॅस काही घनसेंमीसुद्धा नाही. मग त्याने स्वतः क्वार्ट्झचा एक सूक्ष्म तराजू बनवला. क्वार्ट्झची बारीक दांडी, एका टोकाला बंद पोकळ क्वार्ट्झचा गोळा, दुसऱ्या टोकाला तेवढ्याच वजनाचा भरीव तुकडा, आणि हे सगळं एका छोट्या बंद कोठीत. कोठीत गॅस सोडला की पोकळ गोळ्याला जास्त उचल मिळते आणि दांडी एका बाजूला कलते. दांडी ठरलेल्या खुणेवर येईपर्यंत दाब कमी-जास्त करायचा आणि तो दाब वाचायचा. आधी हेच ऑक्सिजनने करून ठेवलेलं असतं. खुणेवर आल्यावर दोन्ही वायूंची घनता सारखी असते, म्हणजे दाबांच्या गुणोत्तरावरून सरळ रेणुभार मिळतो. वजन वाचायचंच नाही, फक्त दाब वाचायचा! अर्धा घनसेंमी गॅस पुरतो, काही मिनिटांत होतं आणि अचूकता हजारात एक.

हजारात एक म्हणजे निऑनसाठी ०.०२. हा आकडा लक्षात ठेवा.

हा तराजू नसता तर डिफ्यूजनचा रस्ता मुळात बंदच होता. एकदाच झिरपवण्याच्या पद्धतीने दीडपट समृद्ध झालेला अर्धा घनसेंमी गॅस हवा असेल तर माझ्या हिशोबाने सुरुवातीला जवळजवळ अडीच लिटर निऑन लागतो, आणि हवेत निऑन आहे लाखात १.८ भाग, म्हणजे एक लाख चाळीस हजार लिटरच्या आसपास हवा गाळावी लागेल. मोठ्या फुग्याने तोलायचं म्हटलं तर त्याच्याही कित्येक पट. मोजायला लागणारा गॅस कमी केला म्हणून वेगळं करायचं काम शक्य झालं.

हाती काय आलं

खूप वेळा भाग पाडून झाल्यावर दोन्ही टोकं तोलली. हलकं टोक २०.१५, जड टोक २०.२८.

फरक ०.१३. तराजूची चूक ०.०२. म्हणजे फरक चुकीच्या सहापट, मोजमापाची गडबड म्हणून झटकता येणार नाही. या आकड्यांचा अर्थ बघा : सगळे अणू २० किंवा २२ चेच आहेत असं धरलं तर मूळ निऑनमध्ये (२०.२०) जड भाग १० टक्के, हलक्या टोकात ७.५ टक्के आणि जड टोकात १४ टक्के. दोन्ही टोकांचा वर्णपट मात्र एकसारखाच, निऑनचाच. सप्टेंबर १९१३ मध्ये बर्मिंगहॅमला ब्रिटिश असोसिएशनच्या सभेत ॲस्टनने हे मांडलं आणि जड भागाला मेटा-निऑन असं नाव सुचवलं.

स्थिर मूलद्रव्याचे आयसोटोप माणसाने पहिल्यांदा अंशतः वेगळे केले ते असे. तरी लोकांचं पूर्ण समाधान झालं नाही, आणि खरं सांगायचं तर व्हायला नको होतं. कारण मी पुढचा हिशोब मांडून बघितलाय. निऑनमध्ये दीड टक्का हवा शिरली तर (हवेचा सरासरी रेणुभार २९ च्या आसपास) २०.१५ चे २०.२८ होतात. उलट बाजूने, हेलियम सगळ्यात हलका, तो मातीतून सगळ्यात आधी पळतो आणि हलक्या टोकात जमा होतो, तिथे तो फक्त ०.३ टक्के असला तरी २०.२० चे २०.१५ करायला पुरतो. हवा थंड कोळशावर पकडता येते, हेलियम तिथून निसटतो. वर्णपटात हेलियम दिसला असता हा बचाव बरोबर आहे, पण इतक्या थोड्या प्रमाणासाठी तो किती पक्का, हा प्रश्न राहतोच. हेलियम किती सहज कुठेही घुसतो हे व्हॅक्यूमवर काम करणाऱ्या कोणालाही सांगायला नको.

तिसरा निर्णय : तेच अजून जास्त करायचं की दुसरं काही

आता ॲस्टनसमोर दोन वाटा. ०.१३ चा फरक वाढवून मोठा करायचा, किंवा वेगळं करणं सोडून २० आणि २२ थेट मोजणारं यंत्र बांधायचं.

त्याने पहिली वाट घेतली. हाताने भाग पाडण्याऐवजी गॅस आपोआप फिरत राहील, मातीच्या नळ्यांतून सतत झिरपत राहील अशी स्वयंचलित मांडणी उभी केली. कल्पना अगदी सरळ : माणूस थकतो, यंत्र थकत नाही. यंत्र चाललं, पण फरक अपेक्षेपेक्षा बराच कमी मिळाला. आणि १९१४ मध्ये युद्ध सुरू झालं, ॲस्टन फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरीत विमानांच्या कापडावर लावायच्या लेपांवर काम करायला गेला, तिथे एकदा प्रायोगिक विमान कोसळलं त्यातून तो वाचला, आणि निऑन चार वर्षं बाजूला पडला.

या चार वर्षांकडे नुसता खंड म्हणून बघू नये असं मला मनापासून वाटतं. फार्नबरोला त्याची गाठ फ्रेडरिक लिंडेमन या भौतिकशास्त्रज्ञाशी पडली, ज्याला आयसोटोपांबद्दल दाट शंका होती, आणि दोघांच्या चर्चा चालायच्या. एवढ्या काळात किरणोत्सारी खनिजांतल्या शिशाचा अणुभार साध्या शिशापेक्षा वेगळा येतो हेही पक्कं झालं, त्यामुळे एकूण कल्पनेला आधार मिळाला. युद्ध संपल्यावर १९१९ मध्ये लिंडेमन आणि ॲस्टनने मिळून आयसोटोप वेगळे करायच्या शक्यतांवर एक निबंधच लिहिला. ऊर्ध्वपातन, रासायनिक मार्ग, डिफ्यूजन, गुरुत्वाकर्षण आणि सेंट्रिफ्यूज, पॉझिटिव्ह रेज, एकेक पर्याय घेऊन त्यातून तत्त्वतः किती मिळेल याचा हिशोब. हा निबंध १९१२ मध्ये लिहायला हवा होता असं म्हणणं सोपं आहे, पण तेव्हा तो लिहिण्याइतकी खात्रीच कोणाला नव्हती.

काय केलं आणि काय झालं

१९१९ मध्ये ॲस्टनने डिफ्यूजन सोडलं आणि मास स्पेक्ट्रोग्राफ बांधला. थॉमसनच्या यंत्रात दोन्ही क्षेत्रं एकत्र होती. ॲस्टनने आधी विद्युतक्षेत्र आणि मग विरुद्ध बाजूला वळवणारं चुंबकीय क्षेत्र असं मागेपुढे लावलं, त्यामुळे एकाच वस्तुमानाचे पण वेगवेगळ्या वेगांचे कण प्लेटवर एकाच जागी गोळा व्हायला लागले. रेघा बारीक आणि टोकदार झाल्या, अचूकता हजारात एकवर गेली. निऑन घातल्यावर २० आणि २२ अशा दोन रेघा, २०.२ वर काहीही नाही, आणि दोन विद्युतभार असलेल्या कणांच्या १० आणि ११ वर. मुद्दा संपला. पाठोपाठ क्लोरीन घातला, ज्याचा ३५.४६ हा अवघड अणुभार कित्येक वर्षं रसायनशास्त्रज्ञांना छळत होता, त्याचेही ३५ आणि ३७ निघाले. १९२२ चं रसायनशास्त्राचं नोबेल ॲस्टनला मिळालं. थॉमसन मात्र त्यानंतरही काही काळ पूर्ण मान्य करायला तयार नव्हता.

मग डिफ्यूजन वाया गेलं का? नाही. १९१३ मध्ये त्याच्याकडून जे मागितलं होतं ते त्याचं काम नव्हतं. 'दोन आहेत का?' हा प्रश्न मोजमापाचा आहे, त्याला चांगलं मोजणारं यंत्र लागतं. 'मला वेगळे करून द्या' हा प्रश्न डिफ्यूजनचा. तो प्रश्न गुस्ताव हर्ट्झने बर्लिनमध्ये घेतला. १९३२ मध्ये त्याने मातीच्या नळ्यांचे टप्पे एकामागे एक जोडले, पहिल्या मांडणीत २४, आणि प्रत्येक टप्प्यातला झिरपलेला हलका भाग पाऱ्याच्या वाफेच्या पंपाने पुढच्या टप्प्याकडे आणि उरलेला जड भाग मागच्या टप्प्याकडे. काहीही फेकायचं नाही, काहीही हाताने मिसळायचं नाही, सगळं एकाच वेळी सतत चालू. टप्पे वाढवल्यावर त्याला जवळजवळ शुद्ध निऑन-२२ मिळाला. ॲस्टन जे भाग एकामागून एक पाडत होता ते हर्ट्झने शेजारी शेजारी मांडले, भौतिकशास्त्र शब्दशः तेच. १९३५ च्या सुमारास ज्यू वंशाच्या कारणावरून हर्ट्झला त्याचं प्राध्यापकपद सोडावं लागलं आणि तो सीमेन्सच्या लॅबमध्ये गेला.

१९३८ मध्ये म्युनिकला क्लूसियस आणि डिकेलने मातीही काढून टाकली. उभी लांब नळी, मधोमध तापलेली तार, बाहेरची भिंत थंड. तापमानाच्या फरकाने हलका भाग गरम तारेकडे सरकतो आणि गरम गॅस वर चढतो, जड भाग थंड भिंतीकडे सरकून खाली उतरतो, म्हणजे एकच नळी शेकडो टप्प्यांचं काम करते, पंप न लावता. क्लोरीनचे आयसोटोप त्यांनी असे वेगळे केले, निऑनवरही ही नळी चालली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या ओक रिजला युरेनियमचे आयसोटोप वेगळे करायला उभारलेला गॅस डिफ्यूजनचा कारखाना हर्ट्झच्याच साखळीच्या कल्पनेवर होता, फक्त तिथे वेगातला फरक निऑनसारखा पाच टक्के नाही, अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी, म्हणून टप्पे हजारोंनी.

वेगळं काय करता आलं असतं

स्वयंचलित यंत्राचा निर्णय मला सगळ्यात कच्चा वाटतो. हाताने होत होतं तेच यंत्राने वेगात, असा तो विचार होता, आणि एकविसाव्या मुळाचं गणित समोर असताना वेग वाढवून फार काही हाती लागणार नाही हे कागदावर दिसलं असतं. वेळ तिथे घालवण्याऐवजी टप्पे मागेपुढे जोडायची कल्पना तपासायला हवी होती. अर्थात हर्ट्झकडे जे पाऱ्याच्या वाफेचे पंप होते तसे १९१३ मध्ये नव्हते, ते १९१५-१६ नंतर आले. म्हणजे साखळी सुचली असती तरी ती चालवायला पंप कुठून आणणार, हा प्रश्न उरतोच. पण मग दुसरा पर्याय, मोजणारं यंत्र सुधारणं, तो तेव्हाही खुला होता. हवी होती ती काच, चुंबक आणि प्लेट, आणि सगळं त्याच लॅबमध्ये होतं.

दुसरं, थंडीचा रस्ता सोडताना 'या तापमानाला होत नाही' आणि 'या पद्धतीने होत नाही' यातला फरक नोंदवून ठेवायला हवा. लायडनला जे १९३१ मध्ये झालं ते बघता हा फरक मोठा आहे.

तिसरं, आणि माझ्या मते संशय घेणाऱ्यांना खरं उत्तर यातून मिळालं असतं : जाहीर झालेला पुरावा दोन टोकांच्या आकड्यांवर उभा होता. पण गॅसचे भाग तर अनेक होते. तराजूला अर्धा घनसेंमी आणि काही मिनिटंच लागत होती, तर मधल्या प्रत्येक भागाची घनता मोजून ओळीने मांडता आली असती. निऑन खरंच दोन वजनांचा असेल तर घनता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू चढत जाईल, आणि किती चढेल ते रॅलेच्या गणिताशी ताडून बघता येईल. हेलियमची भेसळ असेल तर तो इतका वेगाने पळतो की खाली ओढला जाईल तो फक्त अगदी हलका टोकाचा भाग, मधले भाग २०.२० वरच राहतील. हवा गळून आत आली असेल तर ती ज्या भागात शिरली तिथेच आकडा उसळेल, शेजारच्या भागात नाही. दोन आकड्यांवरून भेसळ आणि आयसोटोप यांत निवड करता येत नाही, आठ-दहा आकड्यांची ओळ असेल तर येते.

मी वर्गात हे प्रकरण घेतो तेव्हा मुलांना फक्त २०.१५ आणि २०.२८ देतो आणि विचारतो की अजून एकच मोजमाप करायची परवानगी असेल तर कुठला भाग तोलाल. बहुतेक जण म्हणतात सगळ्यात जड टोक परत तोलू. पण तोलायला हवा तो टोकाच्या आधीचा भाग.